लूट नोटांची की यंत्राची? ग्राफिक नॉव्हेलवरून दरोडापट करताना

रीळवाला

नमस्कार मंडळी.

'द लास्ट डेज ऑफ अमेरिकन क्राइम' हा चित्रपट जून २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मूळ ग्राफिक नॉव्हेल रिक रेमेंडर (लेखन) आणि ग्रेग टोचिनी (चित्रं) यांचं, २००९ पासून तीन भागांत निघालेलं. गोष्टीचा पाया जबरदस्त आहे. सरकार एक सिग्नल सुरू करणार, आणि तो सुरू झाला की कुणालाही जाणूनबुजून कायदा मोडताच येणार नाही. तोवर हातात थोडे दिवस उरलेत आणि तेवढ्यात शेवटचा दरोडा घालायचाय. इतका पक्का पाया मिळूनही अडीच तासांचा चित्रपट सैल पडला.

परीक्षणं भरपूर झाली आहेत, इथे तांत्रिक चर्चा करू. नाशिकमध्ये लघुपट करणारी बरीच मंडळी या संस्थळावर आहेत, म्हणून २०-२५ मिनिटांचा, कमी खर्चातला लघुपट डोळ्यांसमोर ठेवून लिहा. पुस्तकात कागदी चलन बंद होतंय, सरकार कार्डावर पैसे भरणारी यंत्रं आणतंय आणि त्यातलं एक यंत्र पळवायचं आहे. चित्रपटात रोकड आली. या एका बदलानं काय काय हललं? सिग्नलचा नियम पडद्यावर कसा दाखवायचा? आणि चौकटीतलं चित्र कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये बसवायचं कसं?

जेलरोड

नोटांपासून सुरुवात करतो. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. या गावातल्या प्रेक्षकासमोर तरी नोटेचं वजन चुकवून चालणार नाही.

सध्याची पाचशेची नोट ६६ × १५० मिमी. वजन साधारण १ ग्रॅम धरा. १०० नोटांचं पॅकेट, १० पॅकेटांचं बंडल. म्हणजे एका बंडलात १,००० नोटा, ५ लाख रुपये, अंदाजे १ किलो. हाताळलेल्या नोटा असतील तर बंडलाची जाडी ११-१२ सेंमी भरते.

आता हे लक्षात ठेवा: १ कोटी म्हणजे २० बंडलं, म्हणजे २० किलो. गव्हाचं अर्धं पोतं समजा. धडधाकट माणूस ते पाठीवर घेऊन जिना उतरेल, पण पळणार नाही. चित्रपटात नट कोटीची बॅग दोन बोटांत झुलवत चालतो तेव्हा तो प्रसंग तिथेच मेला.

ब्रीफकेसचंही तसंच. आतून ४५ × ३३ × १२ सेंमीची पेटी घ्या. लांबीत ३ बंडलं, रुंदीत ५, थर एकच. एकूण १५ बंडलं, ७५ लाख. 'ब्रीफकेसमध्ये पाच कोटी' असा संवाद लिहिला असेल तर खोडा.

डॉलरची नोट १५६ × ६६ मिमी, जाडी ०.११ मिमी, वजन १ ग्रॅम. एक अब्ज डॉलर शंभरच्या नोटांत म्हणजे १ कोटी नोटा, १० टन, सव्वाअकरा घनमीटर. तिथे दरोडेखोरांच्या आधी हमाल लागतात.

सातपूर_गेट

जेलरोड यांचाच हिशोब गाडीपर्यंत नेतो.

समजा पटकथेत १०० कोटी आहेत. पाचशेच्या २० लाख नोटा, २,००० बंडलं, २ टन. आकारमान साधारण २.४ घनमीटर. छोट्या हत्तीचा (टाटा एस या छोट्या मालगाडीचा) हौदा २.२ × १.५ मीटरचा. म्हणजे सगळा माल पाऊण मीटर उंचीच्या थरात बसतो, ताडपत्री टाकली की दिसतही नाही. पण गाडीची क्षमता पाऊण टनाची. जागेत मावतं, वजनात मावत नाही, आणि पटकथेतला खरा पेच नेमका इथे आहे.

पाऊण टनाच्या गाडीत दोन टन घातले की आधी मागचे पाटे सपाट होतात. टायर बसतात. वजन मागच्या धुरीवर गेल्यानं पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, पण कसारा घाट उतरताना ब्रेक तापतात आणि पेडल मऊ पडतं. पाठलागाशिवाय, एकही गोळी न झाडता, फक्त तापलेल्या ब्रेकच्या वासावर घाटातला चार मिनिटांचा प्रसंग उभा राहील. तीन गाड्या घेतल्या तर ब्रेक वाचतात, पण चालक तीन झाले, म्हणजे फुटण्याची शक्यता असलेली तोंडं तीन झाली. गोष्टीला हे जास्त उपयोगी.

चढवायलाही वेळ लागतो. २० बंडलांचा एक खोका २० किलोचा, असे १०० खोके. चार माणसं, प्रत्येकी २५ खेपा. तिजोरी ते गाडी २५ मीटर असेल तर जाऊन येऊन, उचलून ठेवून एका खेपेला ४० सेकंद. हिशोबानं १७ मिनिटं. दहाव्या खेपेनंतर दम लागतो, म्हणून २५ धरा. 'आपल्याकडे सहा मिनिटं आहेत' असं म्हणणारा म्होरक्या असेल तर त्याला हा कागद दाखवा.

शाईदौत

वाखूसा (वाचनखूण साठवली). हमालीचा हिशोब इतका नीट कुणी मांडत नाही.

मला मात्र पुस्तकातलं यंत्रच जास्त दमदार वाटतं. मुळात कागदी चलनच रद्द होणार असेल तर चोरलेल्या नोटेला मुदत असते. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती. ज्यांनी त्या रांगा पाहिल्यात त्या प्रेक्षकाला 'उद्या हा कागद नुसता कागद असेल' हे समजवावं लागत नाही. मग तोच कागद ट्रकभर चोरणारा माणूस त्याला खुळा वाटेल. रोकड ठेवायचीच असेल तर ती कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत चालते हे पहिल्या पाच मिनिटांत एका वाक्यात सांगून टाका.

यंत्राचा धोका वेगळा. अमर्याद पैसे देणारं यंत्र म्हटलं की आजचा प्रेक्षक लगेच विचारतो, पैसे यंत्रात कुठे असतात? ते बँकेच्या सर्व्हरवरच्या खात्यात असतात. यंत्र चोरलं तर सर्व्हर त्याला बंद करेल. ही शंका बरोबर आहे आणि तिला उत्तरही आहे. कार्डाच्या चिपमध्येच शिल्लक लिहिली जाते अशी पद्धत ठेवा. आपल्याकडच्या मेट्रो-बससाठीच्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात अशी ऑफलाइन शिल्लक असतेच, २,००० रुपयांपर्यंत. कथेतल्या देशात ही मर्यादा काढून टाका. शिल्लक लिहिणारं यंत्र हातात आलं की हिशोब जुळवला जाईपर्यंत ते पैसे 'तयार' करू शकतं. हिशोब दर किती तासांनी जुळतो हा आकडा ठरवा, आणि तुमचं घड्याळ तयार.

रीळवाला

@शाईदौत, मग अख्खं यंत्र कशाला? आतली चिप काढली तर?

शाईदौत

तो मार्ग बंद करता येतो, आणि खऱ्या तंत्राला धरून. शिल्लक लिहायचा अधिकार ज्या गुप्त किल्ल्यांमुळे (सांकेतिक आकड्यांमुळे) मिळतो त्या यंत्रातल्या एका सुरक्षित चिपमध्ये असतात. पैशाच्या व्यवहारांच्या यंत्रांना आतून छेडछाड ओळखणारे स्विच लावलेले असतात. कव्हर उघडलं, जाळीला भोक पाडलं किंवा आतली बॅटरी संपली की किल्ल्या पुसल्या जातात आणि हातात नुसता डबा राहतो. म्हणून यंत्र अख्खं उचलायचं, न उघडता, आणि आतली बॅटरी जिवंत ठेवून.

या तिन्ही अटी कॅमेऱ्याला दिसणाऱ्या आहेत. वजन ३५-४० किलो ठेवा, म्हणजे दोघांना दोन बाजूंनी धरावं लागतं आणि एकाला दुसऱ्याला सोडून पळता येत नाही. आपटायचं नाही. कोपऱ्यात एक हिरवा दिवा, तो पिवळा झाला की दीड तास उरला. नोटांचा ढीग फुटला तरी निम्मा हाती राहतो. यंत्र म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, म्हणून ताण टिकतो. चित्रपटात रोकड आली आणि ही ओढ गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेठेतला_वाचक

सहमत, पण माझ्या मते चित्रपट नियमावर जास्त आपटला. 'जाणूनबुजून' हा एकच शब्द या गोष्टीतलं कुलूप आहे आणि पटकथेनं तो शब्द नीट तपासायला हवा.

लिहायला बसण्यापूर्वी या प्रसंगांची उत्तरं कागदावर ठेवा. उत्तर काहीही चालेल, पण शेवटपर्यंत बदलता कामा नये.

एकाला वाटतं आपण कायद्यातच वागतोय, पण तो चुकतोय. सिग्नल त्याला अडवेल का? 'जाणूनबुजून' म्हटलं तर अडवता कामा नये.

दुसऱ्याला वाटतं आपण गुन्हा करतोय, पण प्रत्यक्षात तो गुन्हा नाही. हा अडकेल. म्हणजे सिग्नलला कायदा कळत नाही, फक्त माणसाच्या मनातली टोचणी कळते.

तिसरा स्वसंरक्षणासाठी हात उचलतो. कायद्यानं मुभा आहे. पण त्याला ती माहीत आहे का?

चौथा योजना आखतो, कृती करत नाही. विचारावर बंदी आहे की हातावर?

दुसऱ्या प्रश्नात खरी दहशत आहे. भित्रा माणूस साधा रस्ता ओलांडताना गोठेल आणि ज्याला कशाचीच टोचणी नाही तो मोकळा फिरेल. सिग्नलनंतर शहरात सगळ्यात जास्त त्रास पापभिरू माणसाला होतो. असा एक प्रसंग दाखवला की प्रेक्षकाला तुमचं जग कळलं, वेगळं भाषण नको.

शाईदौत

म्हणजे निर्ढावलेला दरोडेखोर सुटणार? मग सिग्नलला अर्थ काय राहिला?

पेठेतला_वाचक

त्याला 'हा गुन्हा आहे' हे माहीत असतं. टोचणी नसली तरी माहिती असते, म्हणून तोही अडकायला हवा. तुमची शंका रास्त आहे, माझं वरचं वाक्य ढिलं झालं. नियम माहितीवर ठेवा, पश्चात्तापावर नको. एकदा माहितीवर ठेवला की पळवाटही माहितीतूनच निघते. योजनेचे तुकडे करायचे. खोका उचलणाऱ्याला वाटतं तो दुरुस्तीला चाललाय, चालकाकडे मालाची खरी दिसणारी पावती आहे, दार उघडणारीला लेखी आदेश आलाय. फक्त आखणाऱ्याला सगळं माहीत, आणि त्यानं सिग्नलनंतर एक बोटही हलवायचं नाही. दरोडा चालू असताना म्होरक्या खुर्चीत बसून राहतो, कारण उठला तर गोठेल. नटासाठी सोन्यासारखी जागा आहे ही.

पण ही पळवाट शेवटी उलगडून सांगू नका. २२ मिनिटांच्या लघुपटात सहाव्या-सातव्या मिनिटापर्यंत तिचं बी पडलेलं हवं, आणि तेही एखाद्या किरकोळ प्रसंगात. उदाहरणार्थ, दुकानदार चुकून जास्त सुटे परत देतो. गिऱ्हाईक न मोजता खिशात घालतं, काही होत नाही. बाहेर येऊन मोजतं, कळतं, आणि पाऊल पुढे पडत नाही.

गोदाकाठची

सुट्या पैशांचा प्रसंग फारच आवडला. गोठणं कसं दाखवायचं तेवढं जोडते.

संपूर्ण शरीर पुतळ्यासारखं थिजवलं की हसू येतं. अडथळा फक्त त्या कृतीच्या स्नायूत ठेवा. हात वस्तूपर्यंत जातो, बोटं मिटत नाहीत. श्वास, डोळे, घाम सगळं चालू. पहिल्यांदा क्लोजअप हाताचा, दुसऱ्यांदा चेहऱ्याचा, तिसऱ्यांदा दोन्ही नाही, फक्त वस्तू जागची न हललेली. एकच युक्ती तीनदा दाखवली की प्रेक्षक पुढे निघून जातो.

आवाज: सिग्नलला कर्कश शिट्टी देऊ नका. उलट सभोवतालचा आवाज कमी करा, पंखा, रहदारी, पक्षी, सगळं अर्ध्या सेकंदात खाली. सरकारी घोषणा हव्या असतील तर स्वच्छ रेकॉर्डिंग खऱ्या भोंग्यातून उघड्यावर वाजवून ३०-४० मीटरवरून पुन्हा रेकॉर्ड करा. भिंतींवरून परतणारा आवाज संगणकावर तितका खरा येत नाही. हे दिवसा उरका, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे.

चौकट_मोजा

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, पानावरून फ्रेमकडे.

ग्राफिक नॉव्हेलची पानं म्हणजे तयार स्टोरीबोर्ड, हा गैरसमज आहे. पानावरची चौकट उभी, आडवी, चिंचोळी, काहीही असू शकते, पडदा मात्र एकाच मापाचा. १९२० रुंदीच्या चित्रात २.३९ चं गुणोत्तर (रुंदी भागिले उंची) घेतलं तर उंची ८०३ पिक्सेल उरते. रुंदीच्या दुप्पट उंच अशी चौकट त्यात अख्खी बसवली तर ४०२ पिक्सेल रुंद होते, पडद्याचा जेमतेम २१ टक्के भाग. उरलेल्या ७९ टक्क्यांत काय? चित्रकारानं तिथे काही काढलेलंच नाही. म्हणून उभ्या चौकटी जास्त असतील तर साधं १६:९ घ्या, १०८० उंचीत तीच चौकट २८ टक्के व्यापते. किंवा उंचीच हलवा: जिना, विहीर, लिफ्टचा खड्डा, जुन्या वाड्याचा चौक.

पद्धत अशी. पानं स्कॅन करा, एकेक चौकट वेगळी कापा, एडिटिंगच्या टाइमलाइनवर लावा. चौकटीत संवाद असेल तर तो मोठ्यानं वाचून जितका वेळ लागतो तितका, नसेल तर २ सेकंद. कच्चा आवाज टाका आणि सलग बघा. जिथे कंटाळा येतो तिथे पुस्तकात चित्राचं सौंदर्य काम करत होतं, घटना नव्हती. असे भाग पडद्यावर निर्दयपणे काढावे लागतात. अडीच तासांचे चित्रपट बहुधा इथेच बनतात.

पान उलटणं ही पुस्तकातली सर्वांत मोठी कलाटणी. धक्का सहसा उलटल्यावर डाव्या पानावर ठेवलेला असतो. पडद्यावर पान नाही. त्या जागी आवाज आधी आणा आणि चित्र मागून: दार उघडल्याचा आवाज आधीच्या शॉटवरच, मग १०-१२ फ्रेमनंतर कट.

चौकटीतलं निवेदन जसंच्या तसं पार्श्वभूमीवर वाचू नका. पुस्तकात वाचक ते स्वतःच्या गतीनं वाचतो, पडद्यावर तेच शब्द चित्राच्या अंगावर बसतात.

अवांतर: औद्योगिक शेड, ट्यूबलाइट, रस्त्यावरचे दिवे यांत शूट करताना आपली वीज ५० हर्ट्झची आहे हे विसरू नका. २४ फ्रेमला १८० अंशांचं शटर ठेवलं तर शटरचा वेग १/४८ सेकंद येतो आणि चित्रावर हलणारे पट्टे दिसतात. १७२.८ अंश ठेवा, म्हणजे १/५०. किंवा सरळ २५ फ्रेमवर शूट करा. एडिटिंगमध्ये हे पट्टे सहजासहजी निघत नाहीत.

जेलरोड

प्रॉप नोटांबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहितो.

खऱ्या नोटेसारख्या दिसणाऱ्या नोटा छापू नका, रंगीत झेरॉक्सही नको. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद बनवणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे, हेतू काय होता हा प्रश्नच येत नाही. डिस्टोपियात (भयावह भविष्याच्या कथेत) तर सोपा मार्ग आहे: कथेतल्या देशाचं चलनच वेगळं ठेवा. वेगळा रंग, वेगळं चित्र, वेगळं नाव, रुपयाचं चिन्ह नाही.

कापण्याचं माप: ए४ कागद २१० × २९७ मिमी. त्यात ६६ × १५० चे तुकडे आडवे-उभे कसेही लावा, जास्तीत जास्त पाचच बसतात, कारण १५० चे दोन म्हणजे ३०० आणि कागद ३ मिमीनं कमी पडतो. लांबी १४८ करा, म्हणजे सहा बसतात. पडद्यावर २ मिमीचा फरक कुणालाही दिसत नाही. ५०० कागदांच्या एका रिममधून ३,००० तुकडे, म्हणजे ३ बंडलं. 'कोटीच्या' बॅगेसाठी २० बंडलं, ७ रिम. छापखान्यातल्या कटिंग मशीनवर कापून घ्या, कात्रीनं कडा फाटक्या येतात आणि क्लोजअपमध्ये पकडल्या जातात. फक्त वरची आणि खालची नोट छापील, मधला कागद कोरा. ८० जीएसएम कागदाचं बंडल पाऊण किलोच्या थोडं वर जातं, २० बंडलं साडेपंधरा किलो. बॅगेत तळाशी ४-५ किलो वाळू टाका, मग नटाचा खांदा आपोआप खरा झुकतो.

पॅकेटला कागदी पट्टी लावा, पिन मारू नका. रिझर्व्ह बँकेनं नोटांना पिना मारणं कधीच बंद करायला लावलंय. आणि रद्द झालेल्या चलनाचं दृश्य हवं असेल तर आग लावू नका. रिझर्व्ह बँक बाद नोटा यंत्रात बारीक कातरते आणि तो चुरा दाबून विटा बनवते. करकरीत नोटांच्या ढिगाशेजारी तशीच एक करडी वीट ठेवा, पुरे.

सातपूर_गेट

नाशिकमधल्या जागांबद्दल थोडक्यात.

सातपूर-अंबडच्या बंद शेडमध्ये मालकाची लेखी परवानगी घ्या आणि पत्रे वाजतात हे लक्षात ठेवून संवाद तिथे ठेवू नका. महामार्गाच्या उड्डाणपुलाखालची खांबांची रांग रात्री दोननंतर फार प्रभावी दिसते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या सार्वजनिक रस्त्यावरून, लांब लेन्सनं घ्या, कुंपणाजवळ जाऊ नका. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल याचा भरवसा नाही, जागा आदल्या दिवशी पुन्हा बघा.

नाशिकरोडच्या मुद्रणालयांच्या आसपास, देवळालीच्या लष्करी भागात, गांधीनगरच्या धावपट्टीजवळ कॅमेरा काढूच नका. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनबंदीचा नकाशा उघडा, या सगळ्यामुळे शहराचा रंग तिथे वेगळाच दिसतो.

सार्वजनिक जागांच्या परवानग्या चित्रनगरी महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून मागता येतात. नकली बंदूक असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, चित्रीकरणाच्या वेळी पत्राची पोच खिशात ठेवा, आणि बंदूक शॉट संपला की पेटीत.

पेठेतला_वाचक

दुसऱ्याचं ग्राफिक नॉव्हेल घेणार असाल तर हक्कांचं बघा. त्यात शब्द आणि चित्रं अशा दोन कलाकृती असतात. लेखकानं हो म्हटलं म्हणून चित्रकाराच्या चौकटी तुमच्या होत नाहीत, दोघांची किंवा हक्क ज्या प्रकाशकाकडे आहेत त्याची लेखी परवानगी हवी. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. लघुपट रखडतोच, म्हणून हे वेगळं लिहून घ्याच.

रीळवाला

धागा अपेक्षेपेक्षा कितीतरी भरला, सगळ्यांचे आभार. एकच गोष्ट राहिली. सिग्नल सुरू व्हायला किती वेळ उरला हे सतत दिसायला हवं. पडद्यावर लाल आकडे उलटे मोजत ठेवणं फार वापरून झालंय. चित्रपटात तर मध्येच घड्याळच हरवतं आणि घाई संपते. दुसरं काय करता येईल?

गोदाकाठची

नाशिकमध्ये ते घड्याळ उभंच आहे. गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावातला प्रत्येक माणूस एकच विचारतो, पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. कथेत पावसाळा ठेवा आणि सिग्नलच्या दिवसांची मोजणी त्या मूर्तीवर लावा. 'छातीला पाणी' एवढा संवाद पुरतो. बाहेरगावच्या प्रेक्षकालाही दुसऱ्या शॉटमध्ये समजेल.

पूर तुमच्या तारखांना येणार नाही, म्हणून हे शॉट वेगळे, आधी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये विसर्ग वाढल्याची बातमी आली की निघायचं. जागा होळकर पूल, पदपथावरून, गर्दी आणि पोलिसांची सूचना सांभाळून. घाटावर उतरायचं नाही, पायऱ्या पाण्याखाली दिसत नाहीत आणि ओढ फार असते. ट्रायपॉडची जागा कठड्यावर खडूनं खूण करून ठेवा, लेन्स आणि उंची वहीत लिहा, पाऊस खडू धुतो म्हणून मोबाइलमध्ये फोटोही. दर अर्ध्या तासानं ३० सेकंदांचा शॉट, झूम न करता.

चढतं पाणी हुकलं तर उतरतं घ्या आणि क्रम उलटा लावा. मात्र उतरताना मूर्तीवर ओल्या गाळाची रेघ वर राहते आणि चाणाक्ष डोळ्याला खोटेपणा कळतो. पाऊस पडत असताना घेतलं तर सगळी मूर्तीच ओली असते, रेघ बरीचशी लपते. म्हणून उतरत्या पाण्याचे शॉट भर पावसातलेच निवडा, आणि लेन्सच्या काचेवरचं पाणी पुसायला दोन कोरडी फडकी जास्त ठेवा.